टाकळीला विचारलंय का?

दिल्लीला अडचण आली की खेडं आठवतं. सैन्यात बाईच्या हाती पलटण द्यायची का, हा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता, तेव्हा सरकारनं लेखी टिपणात एक कारण दिलं होतं. जवान बहुतेक ग्रामीण भागातले, बाईनं हुकूम सोडलेला त्यांच्या मनाला अजून पटणार नाही, असं ते कारण. १७ फेब्रुवारी २०२० ला न्यायालयानं ते मोडीत काढलं.

आता हा ग्रामीण जवान म्हणजे कोण? तो आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातला. कुरुंदवाडातून गाडीला किक मारली की थोड्या वेळात सैनिक टाकळी. नावातच सैनिक, कारण घरटी फौजी देणारं गाव. ज्याच्या मनाचा हवाला देऊन दिल्लीत टिपणं लिहितात, त्या मनाची चौकशी करायला टाकळीच्या पारावर कुणी साहेब येऊन बसल्याचं ऐकिवात नाही.

बायकांचं निभलं. खडकवासल्याच्या एनडीएतून ३० मे २०२५ ला मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. प्रबोधिनी जागेवर आहे. मग तृतीयपंथीयांचं काय, असं विचारलं की पुन्हा तेच खेडं पुढं केलं जातं. जवान बुजेल, बरॅकीत कुजबुज होईल, शिस्त बिघडेल.

जरा २०१७ साल आठवा. त्या वर्षी दोन वर्दीधाऱ्यांच्या फाइली दोन टेबलांवर होत्या. एक माजलगावची, बीड जिल्ह्यातली. महिला शिपाई म्हणून भरती झालेल्या ललिता साळवेंनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. आधी नकार आला. कारण काय, तर पुरुष आणि महिला शिपायांच्या उंची-वजनाचे निकष वेगळे. म्हणजे माणूस तोच, नोकरी तीच, घोडं अडलं फूटपट्टीवर! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी गृह खात्यानंच परवानगी दिली. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे पोलीस शिपाई म्हणून कामावर हजर झाले. बीड जिल्ह्यातली कायदा-सुव्यवस्था त्या कारणानं काही ढासळली नाही. ढासळायला तिथं दुसरी कारणं भरपूर आहेत.

दुसरी फाइल विशाखापट्टणमची. साबी गिरी २०१० पासून नौदलात खलाशी. रजेवर असताना स्त्री होण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतली. ऑक्टोबर २०१७ मध्ये नौदलानं नारळ दिला. ज्या लिंगावर भरती झाली ते बदललं, नियमात बसत नाही, सेवेची गरज नाही. काम जमत नाही, असं कारण दिलं नव्हतं. खरी गोची अशी की तेव्हा नौदलात खलाशी म्हणून बाई घेतच नव्हते. अग्निपथ योजना आली आणि २०२२ पासून मुलीही खलाशी म्हणून घ्यायला लागले. जहाजं तरंगतायत अजून.

साळवेंची आणि गिरींची गोष्ट वैद्यकीयदृष्ट्या एकसारखी नव्हे, हे मान्य. पण एका खात्यानं नियम वाकवून माणूस ठेवला, दुसऱ्यानं माणूस काढून नियम ठेवला. आपलं पोलीस खातं कुणापेक्षा पुढारलेलं निघावं, असे योग वारंवार येत नाहीत, म्हणून नोंदवून ठेवतो.

फार हुरळूनही जायला नको. २०२२ च्या पोलीस भरतीच्या अर्जात पुरुष आणि स्त्री असे दोनच पर्याय होते. आर्या पुजारी या तृतीयपंथी उमेदवारानं दाद मागितली, मॅटनं, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणानं, तिसरा पर्याय द्या म्हटलं, तर आपलं पुरोगामी वगैरे राज्य त्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं! मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्तांच्या खंडपीठानं डिसेंबरात भरतीच थांबवू का, असं दरडावलं, तेव्हा कुठं अर्जात रकाना उघडला. तोवर तमिळनाडूत पृतिका याशिनी फौजदार होऊन पाच वर्षं झाली होती, छत्तीसगडनं २०२१ मध्ये तेरा तृतीयपंथी शिपाई घेतले होते, आणि पलीकडं कर्नाटकानं सरकारी नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण दिलं होतं. सीमावादात आम्ही कर्नाटकाला एक इंच सोडत नाही. हा एक टक्का मात्र बिनबोभाट सोडला.

सैन्याचा अर्ज आजही दोन पर्यायांचा. शिवाजी विद्यापीठाच्या मैदानावर अग्निवीर भरतीला सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत पळालात तर साठ गुण, दहा पुलअप्स काढलेत तर चाळीस. पण पळायच्या आधीच जो अर्जात बसत नाही, त्याचं घड्याळ लावायचं कुणी? तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल २०१४ चा. तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा २०१९ चा, नोकरीत भेदभाव करायचा नाही असं सांगणारा, आणि त्यात ‘सैन्य वगळून’ असे शब्द नाहीत. २०२३ मध्ये तिन्ही दलांनी अभ्यासगट नेमल्याची बातमी आली. अभ्यासाला कुणाची ना नाही. आमच्याकडं दहावीला सात वेळा बसणाराही अभ्यासच करत असतो.

अमेरिकेकडं बोट दाखवणारे भेटतात. ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये तृतीयपंथीयांना सैन्यात बंदीचा हुकूम काढला, मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती लागू करायला मोकळीक दिली. बघा, त्यांनाही जमलं नाही! पण त्या बंदीला आव्हान देणाऱ्या एमिली शिलिंग या नौदलाच्या वैमानिक, साठ लढाऊ मोहिमा उडवलेल्या. साठ वेळा विमान उडवून परत आणणाऱ्या माणसाला ‘तू लढायला लायक नाहीस’ म्हणायला धाडस लागतं, आणि ते धाडस टेबलामागं बसूनच येतं.

खऱ्या अडचणी आहेत. संप्रेरकांची औषधं सियाचीनला पोचवायची कशी, राहण्याची सोय कुठं, वैद्यकीय निकष कोणते. यावर डॉक्टर आणि क्वार्टरमास्तर बसतील, उत्तर काढतील, एखाद्या कामाला नाहीही म्हणतील. ते चालेल. पण त्यासाठी आधी उमेदवार समोर उभा राहू द्यावा लागतो. संडास कुठं बांधायचा हा प्रश्न बायकांच्या वेळीही राष्ट्रीय सुरक्षेच्या भाषेत विचारला गेला होता, आणि अखेर गवंड्यानं सोडवला.

आणि ज्या खेड्याच्या नावानं हे सगळं चाललंय, त्याचं बोलू. आमच्या कुरुंदवाडात मशिदींत गणपती बसतो. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की पंजे आणि बाप्पा एका छताखाली. साडी नेसून यल्लम्माचा जग डोक्यावर घेतलेला जोगता दारात आला की आमची म्हातारी पदर सावरून सुपातलं धान्य त्याच्या परडीत ओतते. म्हणून आम्ही थोर आहोत असं अजिबात नाही. त्याच जोगत्याला बसस्थानकावर शिट्ट्या मारणारीही आमचीच पोरं. राजन गवसांनी जोगत्यावरची ‘भंडारभोग’ कादंबरी लिहिली ती काही आमचं कौतुक करायला नव्हे. पण साडीतला पुरुष बघून बेशुद्ध पडेल असा माणूस या पट्ट्यात जन्माला आलेला नाही. आमचा दोष न पाहिल्याचा नाही. पाया पडायला तो चालतो, शेजारी कामाला चालत नाही, हा आहे.

नको असलेल्याला शेजारी उभं करायचं, नेमकं तेच काम सैन्य उत्तम करतं. वेगवेगळ्या जातींची, एकमेकांच्या ताटात न जेवलेली पोरं एका लंगरात बसवायची आणि पाठीला पाठ लावून उभी करायची. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये गेलेला आमचा पोरगा पहिल्या सुट्टीला घरी आला की भाषा, चाल, जेवायची वेळ, सगळं बदललेलं असतं. ज्या संस्थेला एवढं बदलता येतं, तीच ‘आमच्या जवानाला हे झेपणार नाही’ म्हणते, तेव्हा ती स्वतःच्या उस्तादांचा अपमान करते.

म्हणून सैनिक टाकळीच्या आणि पंचक्रोशीतल्या माजी सैनिकांना एक विनंती आहे. पेन्शनच्या कामासाठी दिल्लीला पत्रं धाडताच, त्यात एक पत्र जादा धाडा. तृतीयपंथीयांना घ्यायचं की नाही, यावर तुमचं मत काहीही असो, विरोध असेल तर तोही लिहा. फक्त एवढं बजावा, की आमच्या मनात काय आहे ते आम्हाला विचारून लिहीत जा.