मत्स्यपालकाचे हमीपत्र

मासे मला ओळखतात, हे मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीत इतक्या जणांना आणि इतक्या विनयाने सांगितले आहे की, तो विनय आता ऐकणाऱ्यांना असह्य होऊ लागला आहे. टाकीपुढे मी उभा राहिलो रे राहिलो की निऑन टेट्रांचा सबंध थवा काचेशी येऊन माझ्या मुखाकडे टक लावतो, आणि त्या वेळी माझ्या चर्येवर मुजरा स्वीकारणाऱ्या संस्थानिकाचा कृपाळू भाव येतो, असे सौभाग्यवतींचे निरीक्षण आहे. या संस्थानाला पहिला तडा गॅसचे मीटर वाचायला आलेल्या गृहस्थाने दिला. स्वयंपाकघराकडे जाता जाता तो टाकीपाशी क्षणभर थबकला मात्र, तोच थवा तितक्याच अगत्याने त्याच्याकडे धावला. पुढे चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, हाच थवा इस्त्रीवाल्याकडे, कुरिअरवाल्याकडे आणि एकदा तर कोपऱ्यात टेकवलेल्या लाल छत्रीकडेही धावून गेला होता.

थव्याने राहणाऱ्या माशांत पुढारी नसतो. प्रत्येकाच्या कुशीवर पाण्याची सूक्ष्म हालचाल टिपणारी एक संवेदनरेषा असते. तिच्या आणि डोळ्यांच्या आधाराने शेजारी वळला की हा वळतो, आणि मघाशी जो शेवटी होता तो विनासायास अग्रभागी येतो. आयुष्यभर कचेरीत ज्येष्ठतायादीवर नजर ठेवून बसलेल्या माणसाला हा कारभार पाहून प्रथम करमणूक वाटते आणि मग थोडी नाराजी. बरे, यांची धड शिरगणतीही करता येत नाही. मी बारा म्हणतो, सौभाग्यवती अकरा म्हणतात, आणि दोघांपैकी कोणीही निर्णायक पुरावा सादर करण्याआधी सारी फिर्याद वेलींच्या आड निघून जाते. एकदा मात्र पहाटे अंधारातच दिवा लावला, तेव्हा ते सगळे जागच्या जागी स्तब्ध होते, आणि ज्या निळ्या पट्ट्याची मी पाहुण्यांपुढे एवढी तारीफ करतो तो पट्टा कोणाच्याही अंगावर नव्हता. नुसती मळकट तपकिरी, काड्यांसारखी शरीरे. मी भयभीत होऊन पाहत राहिलो. काही मिनिटांनी एकेकाच्या डोळ्यापासून निळाई पाझरू लागली. रात्री हा रंग ते उतरवून ठेवतात, हे मला पुढे पुस्तकात वाचायला मिळाले.

इथे मला झेब्र्याविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. सौभाग्यवती नेमक्या याच ठिकाणी चहा टाकायला उठतात. माझ्या टाकीत निऑनांच्या शेजारी निळ्या-रुपेरी रेघांचे काही झेब्रे आहेत. पाहुण्यांची दृष्टी त्यांच्यावर क्षणभरही ठरत नाही, कारण निऑन अमेझॉनचा, त्याला 1936 साली फिलाडेल्फियाच्या इनेस नावाच्या प्रकाशकाचे नाव मिळालेले. आणि झेब्रा आपला, इथल्याच ओढ्याओहोळांतला, कुर्ल्याच्या दुकानात निऑनावर जवळजवळ फुकट मिळणारा. तथापि या फुकट्याची वंशावळ पाहावी! कंपनी सरकारच्या नोकरीतले शल्यवैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील आपल्या 1822 सालच्या ग्रंथात त्याचे रीतसर वर्णन केले. पुढे दीडशे वर्षांनी ओरेगॉनच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत बढती दिली आणि 1981 साली त्याच्या हुबेहूब प्रती काढून दाखविल्या. 2013 साली त्याच्या जनुकांचा संपूर्ण दप्तरखाना उघडला, तेव्हा माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांचा जोडीदार त्यात सापडला. आज कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ याच झेब्र्याच्या पारदर्शक गर्भाकडे डोळे लावून बसतात, आणि माझ्या दिवाणखान्यात मात्र लोक त्याला ‘तो साधा’ म्हणतात. माझा स्वतःचा सत्तर टक्के अपमान झाल्यासारखे मला वाटते, आणि एव्हाना चहा आलेला असतो.

या झेब्र्यावर झालेला एक प्रयोग मला अलीकडे वारंवार आठवतो. संकटाची चाहूल लागली असता एकटा झेब्रा जितका हबकतो, तितका सोबती नजरेसमोर असताना हबकत नाही. आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. तळमजल्याचे डोंबिवलीला गेले, दुसऱ्या मजल्याचे मुलाकडे बेंगळुरूला, आणि ज्यांच्याशी मी पाण्याच्या पंपावरून वर्षानुवर्षे मनापासून भांडलो ते सेक्रेटरी निघताना काही न बोलता माझा हात धरून जिन्यात उभे राहिले. नव्या इमारतीत सर्वांनी परत यायचे, असा करार आहे. तो मी वाचला आहे. त्यात चौरस फूट आहेत, भाडे आहे, दंड आहे.

आम्हाला घर घाटकोपरला पसंत पडले. दलालाने भाडे सांगितले, अनामत सांगितली आणि मग आवाज उतरवून विचारले, “काका, मासे?”

“ठेवतो,” मी अभिमानाने म्हणालो.

त्याने फाईल मिटली. ज्या मुंबईत बोंबलाच्या वासावर पिढ्या वाढल्या, त्याच मुंबईत आपल्या ताटाचा जबाब दिल्यावाचून आपल्याला भाड्याची खोली मिळू नये, याचा मला खरोखरच संताप येतो. परंतु त्या दिवशी माझ्या माशांवर ताटाचा खोटा आळ आलेला असल्यामुळे तो संताप नेमका कोणत्या बाजूने करावा, हे उमगेना. खुलासा ऐकून मालक म्हणाले, “जोवाना ना? तो ठीक छे. पण लिहून द्या.”

मसुदा हा माझ्या हातचा मळ. मी लिहिले: “कारणे हमीपत्र लिहून देतो ऐसाजे, सदरहू मासे केवळ दर्शनार्थ असून भक्षणार्थ नाहीत, त्यांच्या गंध, कालवण वा रस्सा यांपासून कोणाही सभासदास उपद्रव पोहोचल्यास त्याची सर्वस्वी जोखीम लिहून देणाराची राहील.” झेब्र्याविषयी हॅमिल्टनसाहेबांच्या ग्रंथाचा हवालाही मी परिशिष्टात जोडला.

मालकांनी परिशिष्टासकट सारे लक्षपूर्वक वाचले, खिशातून पेन काढले आणि माझ्या हाती दिले.

“गेस्ट लोकांचे पण टाका,” ते म्हणाले. “ते पण तळणार नाय.”