सव्वादोन मीटरचं दुखणं

भाचीचं लग्न मे महिन्यात ठरलं, तेव्हा मी कोणाला बोल लावला नाही. वाशिम जिल्ह्यात मे महिन्यात लग्न काढणं हा काही गुन्हा नाही. मुहूर्तच तसे येतात. मी एवढंच म्हणालो, की मला सुती शर्ट शिवावा लागेल. त्या एका वाक्याचे हप्ते पुढे दोन वर्षं फेडत होतो.

बाजारात गेलो. दुकानातल्या मुलाने न विचारता टेरिकॉटचे तागे उलगडले. "काका, हे घ्या न. धुतलं, झटकलं, घातलं." मी म्हणालो, साधं सुती पॉपलिन दाखव. त्याने माझ्याकडे जुन्या दुखण्याच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि आतून तीन तागे आणले. तिन्ही प्युअर. मी प्रत्येकाच्या कडेचा एकेक धागा ओढून मागितला, आणि काडेपेटी. सुती धागा जळताना कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चोळली की उडून जाते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. तीनपैकी दोन प्युअर ताग्यांचे मणी झाले. ते मी काउंटरवर ओळीने मांडून ठेवले. मालक म्हणाले, "थोडं मिक्स राहतेच न काका, मजबुतीसाठी."

मजबुतीचं म्हणाल तर सुती धागा ओला झाला की कोरड्यापेक्षा जास्त बळकट होतो. धोब्याच्या दगडावर पिढ्यान् पिढ्या सुती कपडे आपटले गेले ते उगीच नाही. पण हे मी बोललो नाही. मागे बायका साड्या बघत खोळंबल्या होत्या आणि मण्यांमुळे माझ्याबद्दल त्यांचं मत आधीच तयार झालं होतं.

तिसरा तागा घेतला. छत्तीस इंची पन्हा, फुल बाह्यांचा शर्ट, सव्वादोन मीटर. भाव ऐकून मी नावं विचारत बसलो. भाव करण्याआधी वेळ काढायची ती माझी रीत आहे. शेजारचं पातळ कापड केंब्रिक, म्हणजे फ्रान्समधल्या कांब्रे गावचं नाव. जाड विणीचं ऑक्सफर्ड. सगळ्यांत महाग गिझा, म्हणजे इजिप्त. कारंजा नावाचं कापड नव्हतं, मंगरूळ नावाचंही नव्हतं. आमच्या जिल्ह्याने जगाला काही दिलंच नाही असं कोणाला वाटेल. दिलंय की! अमेरिकेत 1861 ते 65 यादवी युद्ध चाललं आणि तिकडचा कापूस अडकला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या कापसाला 'ऊमरा' म्हणत, उमरावतीवरून. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ कारंज्यावरून अरुंद रूळ टाकले तेही रुईसाठीच. ती शकुंतला. तिला ओढणारं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलेलं होतं आणि ते 1994 पर्यंत धावलं. कापूस मँचेस्टरला, इंजिन मँचेस्टरहून. या व्यवहारात शर्ट कुठे शिवला जायचा हे सांगायला नको. आता ती गाडीही धावत नाही आणि जिल्ह्यात पऱ्हाटीच्या जागी बघावं तिकडे सोयाबीन उभं आहे. त्याचा शर्ट होत नाही.

मालक म्हणाले, "चाळीस नंबरचं सूत आहे काका." हा नंबर म्हणजे एका पौंडात 840 वारांच्या किती लडी बसतात त्याचा आकडा. मी तिथेच बोटांवर हिशेब केला. माझ्या दोनशे ग्रॅमच्या शर्टात तेरा किलोमीटरच्या वर सूत निघतं. सरळ पसरलं तर वाशिमहून मालेगावच्या रस्त्यावर बरंच पुढे जाईल. त्यासाठी दीड-दोनशे बोंडं कोणीतरी वाकून वेचली असतील. हे डोक्यात आलं आणि भाव करायचा राहून गेला.

टेलर माझे तीस वर्षांचे. त्यांनी कापड बोटांत चोळलं आणि म्हणाले, "आटवून आणा." मी रात्रभर बादलीत भिजत घातलं, सावलीत वाळवलं आणि नेऊन दिलं. "तरी दोन बोटं जास्त ठेवतो," ते म्हणाले. सुती कापड का आटतं हे तेव्हापासून मला पाठ आहे. मागावर उभा धागा ताणून धरलेला असतो. पाणी लागलं की तो ताण सोडतो आणि आपल्या मूळ लांबीवर यायला बघतो. म्हणून कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं. सँफर्ड क्लूएट नावाच्या अमेरिकन माणसाने 1930च्या सुमारास कापड गिरणीतच आधी आटवून ठेवायची युक्ती काढली. माझ्या ताग्यापर्यंत ती पोचली नव्हती. बादलीतल्या एका रात्रीत सगळं आटून होत नाही. चार-पाच धुण्यांपर्यंत ते आपल्या मनाने घेत राहतं.

त्यामुळे शिवून आला तेव्हा शर्ट माझ्या थोरल्या भावाचा वाटत होता. सहा महिन्यांनी तो धाकट्याचा वाटू लागला. मधे एक दिवस तो बरोब्बर माझ्या मापाचा असणार, चौथ्या आणि पाचव्या धुण्याच्या दरम्यान. त्या दिवशी मी घरीच होतो.

लग्न कारंज्याला. आदल्या रात्री खळ घालून, नीळ देऊन, कडक इस्त्री करून घेतली. शर्ट उभा केला तर उभा राहील असा झाला. सकाळी एस.टी.त बसलो. मंगरूळपीरमार्गे कारंज्याला उतरलो तेव्हा पाठीवर सीटची नक्षी उठलेली होती. यातही कोणाची चूक नाही. कापसाच्या तंतूंतले बंध पाणी आणि उष्णता मिळाली की सुटतात आणि दाब असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. इस्त्री म्हणजे दुसरं काय? पाणी माझ्या घामाचं, उष्णता 43 अंशांची, वजन माझं. महामंडळाने शर्टाला इस्त्रीच केली होती, फक्त घड्या त्यांच्या पसंतीच्या होत्या.

मामा असल्याने नवरीला मंडपात घेऊन जाण्याचा मान माझा. म्हणजे अल्बमात मधोमध मी. भाची दिसते, अंतरपाट दिसतो, आणि माझ्या शर्टावर जिल्ह्याचा नकाशा दिसतो, सहाही तालुक्यांसकट. मांडवात जो भेटला त्याने नमस्काराआधी विचारलं, "काहून हो भाऊ, इस्तरी नाही केली का?" मी सतरा जणांना हो, केली होती, असं सांगितलं. अठराव्याला नाही म्हणालो. तो लगेच समाधानाने जेवायला गेला.

चुलतभाऊ टेरिकॉटमध्ये आला होता. दोन भाग पॉलिस्टर आणि एक भाग कापूस असा तो शर्ट, घडीवरची धार संध्याकाळपर्यंत कायम. आता शास्त्र माझ्या बाजूने आहे. शंभर ग्रॅम कापूस नुसत्या दमट हवेतून आठ-साडेआठ ग्रॅम पाणी पिऊन बसतो आणि हाताला ओलाही लागत नाही. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा घेत नाही. घाम कापडात जातो, कापडातून वाऱ्याला जातो आणि अंगाला गार वाटतं, यालाच लोक 'सुती कापड श्वास घेतं' म्हणतात. हे मी चुलतभावाला समजावलं. त्याच्या कानामागून धारा वाहत होत्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाला, "वारा कुठी आहे बाप्पा?"

वारा नव्हता, हे खरं.

मामाचा आहेर म्हणून मला एक शर्टपीस मिळाला. टेरिकॉट. तो मी कपाटात ठेवून दिला. त्याला कसर लागत नाही, तो आटत नाही, पिवळा पडत नाही. माझ्यानंतरही तो तिथेच असेल असं वाटत होतं.

सुती शर्टाला मात्र वय असतं. दाढीच्या खुंटांनी पहिल्या वर्षीच कॉलर झिजवली. टेलरने ती उलटून दिली. दुसऱ्या वर्षी कोपर पातळ झाले. पण याच सुमारास एक गोष्ट घडली, जी मी कबूल करायला नको होती. शर्ट चांगला झाला. खळ निघून गेली, सूत मोकळं झालं, कापड लोण्यासारखं पडलं. नावालाही कडकपणा राहिला नाही. दुपारी तो घालून पंख्याखाली पडलं की अंगावर काही आहे असं वाटेना. चुरगळण्याचंही कोणी बोलेना, कारण आता तो घरातच वापरायचा झाला होता. दोन वर्षं सांभाळलेल्या माणसाला त्याचं फळ मिळायची ही वेळ.

घरातल्यांच्या नजरेत मात्र वेगळंच होतं. सुती कापडाचा खरा उपयोग आमच्याकडे माणूस त्यातून बाहेर पडल्यावर सुरू होतो. टेरिकॉटचं फडकं पाणी इकडून तिकडे ढकलतं, पुसत नाही. त्यामुळे ही माझ्या शर्टाकडे बघते तेव्हा तिला ओटा दिसतो. जेवताना एकदा तिने बाही चिमटीत धरून पाहिली. तिने काहीच म्हटलं नाही, आणि मीही म्हटलं नाही.

ओट्यापासून तो वाचला, पण दुसऱ्या वाटेने गेला. भाची पहिलटकरीण, सातव्या महिन्यानंतर माहेरी आलेली. कारंज्याहून बहिणीचा हिला फोन आला. स्पीकर चालू होता.

"वहिनी, बाळुत्यायले जुनं सुती पायजे. नवं टोचते. दादाचा तो लग्नातला सदरा आता मऊ झाला असंल न? तो धाडजा."

दोन वर्षांत त्या शर्टाबद्दल चांगलं बोललेलं ते पहिलं वाक्य. मी शर्टातच बसलेलो होतो. ही म्हणाली, "अहो, ऐकलं ना?" मी म्हणालो, ऐकलं. उन्हाळा संपू दे, मग पाठवू. ती म्हणाली, बाळ उन्हाळा संपायची वाट बघणार नाही.

संध्याकाळी तिने तो धुतला, गरम पाण्यातून काढला आणि दोरीवर टाकला. सकाळी कात्री घेऊन बसली. पाठीचे दोन मोठे चौकोन निघाले, पुढच्या पाख्यांचे दोन, बाह्यांची लहान दुपटी. कॉलर आणि कफ बाजूला पडले, त्यांत बकरम होतं. सात बटणं तिने जपून कापली, दोऱ्यात ओवली आणि डब्यात टाकली. मग कपाट उघडून आहेराचा शर्टपीस काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"आता हा शिवून टाका," ती म्हणाली. "बारशाला लागेल."