आधी पुस्तकं, मग परांची

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाट जिल्ह्यात एका जुन्या वाचनालयाची दुरुस्ती निघाली, तेव्हा मी बघायला गेलो होतो. ज्येष्ठाचे दिवस, आभाळ भरून आलेलं. छपरावरची कौलं उतरवली होती आणि कपाटांतली पुस्तकं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत कोंबून ओसरीत टाकली होती. ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, "किताबें बाद में जमा देंगे." तिसऱ्या दिवशी पाऊस लागला.

महिन्याभराने एक पोतं मी स्वतः सोडलं. 'किर्लोस्कर' मासिकाचा बांधीव खंड हाती आला तो विटेसारखा. गुळगुळीत पानं चिकटून एकजीव झालेली. नखाने सोडवायला गेलो, तर अक्षरंच उचकटून आली. पुठ्ठ्याच्या आतली देवघेवीची चिठ्ठी तेवढी शाबूत होती. तिच्यावरची शेवटची तारीख १९५८ सालची.

तो खंड आता परत मिळणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला. त्याआधी आमची राजधानी नागपूर, आणि मराठी पुस्तकंही तिकडूनच येत. मग राजधानी भोपाळला गेली, मराठी वाचणारे घटत गेले, नवी खरेदी हिंदीची होऊ लागली. आमच्याकडच्या मराठी कपाटात आज जे उरलंय, ते बहुतेक एकेका प्रतीचं. पुण्यात एखादं पुस्तक भिजलं, तर शेजारच्या पेठेत दुसरी प्रत सापडेल. इथे ते गेलं की गेलंच.

दुरुस्तीचं एस्टिमेट कधी वाचून पाहा. फरशी, पुट्टी, फॉल्स सीलिंग, एसी, उद्‌घाटनाचा दगड, सगळं असतं. पुस्तकांसाठी एक ओळ नसते. बरं, इमारतीचं तरी भलं होतं का? चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर पडायची वाटच बंद होते. ती भिंतीत वर चढत राहते. त्याच भिंतीला कपाट टेकलेलं असतं. मग बुरशी येते, कसर लागते, आणि दोष मात्र 'जुन्या पुस्तकां'वर जातो.

मुंबईत काळा घोडा भागात डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. इमारत १८७० ची. तिचं मूळचं उतरतं छप्पर काढून वर काँक्रीटचा स्लॅब टाकला होता आणि तो गळत होता. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली तो काढून पुन्हा उतरतं छप्पर घातलं, आणि २०२३ च्या जूनमध्ये वास्तू वाचकांना खुली झाली. उतरत्या छपरावर पाणी थांबत नाही. आमच्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होतं. आम्हीच कौलं फेकून स्लॅब टाकत सुटलो आहोत.

उशिराची किंमत काय असते, ते जर्मनीतल्या वायमारला विचारा. तिथल्या आना अमालिया ग्रंथालयाची दुरुस्ती ठरली होती, पुस्तकं काही आठवड्यांत हलवायची होती. २ सप्टेंबर २००४ च्या रात्री आग लागली आणि सुमारे ५०,००० ग्रंथ जळाले. इमारत २००७ मध्ये पुन्हा उभी राहिली.

दुरुस्तीत पुस्तकं सांभाळायचं काम अवघड नाही. आधी यादी करायची. प्रत्येक पेटीवर कपाटाचा आणि फळीचा क्रमांक घालायचा. पेट्या कोरड्या खोलीत, जमिनीपासून उंच, भिंतीपासून वीतभर सोडून ठेवायच्या. छप्पर पावसाळ्याआधी पुरं होणार नसेल, तर ते उघडायचंच नाही. गिलावा पुरता वाळेपर्यंत पुस्तकं आत आणायची नाहीत. यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. पेट्या, दोन-चार मजूर आणि जबाबदारी घेणारा एक माणूस लागतो.

आमच्याकडे मृग लागला की पाऊस येतो. तुमच्या गावच्या वाचनालयाची दुरुस्ती मंजूर झाली असेल, तर याच आठवड्यात जाऊन एस्टिमेट मागा आणि वाचा. त्यात पुस्तकांची ओळ नसेल, तर कार्यकारिणीला लेखी कळवा. ती ओळ येईपर्यंत छपराचं एकही कौल उतरवू देऊ नका.