तारुण्याचा अतिरिक्त कार्यभार

मनुष्य म्हातारा केव्हा होतो, या प्रश्नावर धर्मशास्त्र, वैद्यकशास्त्र आणि वित्त विभाग या तिघांचे एकमत कधी झालेले नाही. आणि पहिल्या दोघांना कोणी विचारीत नसल्यामुळे व्यवहारात तिसऱ्याचेच फर्मान चालते. केंद्र सरकारने आपल्या नोकरांचे निवृत्तीचे वय १९६२ साली ५५ वरून ५८ केले आणि १९९८ साली ते ६० वर नेले. महाराष्ट्र सरकार मात्र, चतुर्थ श्रेणीसारखे अपवाद वगळता, ५८ वरच ठाण मांडून बसले. परिणाम असा की, नागपुरात एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या दोन भावांपैकी जो महालेखापालांच्या दफ्तरात चिकटला, तो जिल्हाधिकारी कचेरीतील भावापेक्षा दोन वर्षे अधिक तरुण राहतो. बरे, ज्या जन्मतारखेवर हा सारा जमाखर्च उभा, ती तरी खरी म्हणावी, तर त्या पिढीतील कित्येकांचा जन्म १ जुलैलाच झालेला. कारण उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता येतो की नाही एवढे पाहून गुरुजींनी वर्ष ठरविले आणि शाळेला सोयीची तारीख लावून दिली. त्या कानाच्या आधारावर, अठ्ठावन्न वर्षांनी, ३० जूनच्या सायंकाळी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ देऊन गृहस्थास घरी पोहोचविण्यात येते.

यानंतर सदरहू गृहस्थ वानप्रस्थाश्रमाकडे वळेल, अशी अपेक्षा कोणी बाळगील तर तो नागपूरकर नव्हे. दुसऱ्याच दिवशी पहाटे तो पोपटी रंगाचे बूट घालून अंबाझरीच्या बागेत हजर होतो आणि 'वय हा निव्वळ आकडा आहे, मन तरुण पाहिजे' हे वाक्य, सेवेत असताना 'आपल्या अर्जावर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' हे वाक्य ज्या निर्विकारपणे लिहीत असे त्याच निर्विकारपणे, समोर येईल त्याला ऐकवू लागतो. यास कोणी चळ म्हणो; आमच्या मते हा प्रशासकीय नाइलाज आहे. धरमपेठ, रामदासपेठ, प्रतापनगर या वस्त्यांतील तरुण पदवी हाती पडताच पुणे, हैदराबाद किंवा बंगळूर गाठतो, त्याहून हुशार निघाला तर न्यू जर्सी. मागे उरलेल्या दुमजली घरात तरुणाचे पद रिक्त राहते. आणि रिक्त पदाचा कार्यभार, नवीन नियुक्ती होईपर्यंत, जागेवर उपलब्ध असलेल्या ज्येष्ठतम कर्मचाऱ्याकडे सोपविण्याचा या देशातील जुना रिवाज आहे. आमचे ज्येष्ठ नागरिक तरुण नव्हेत. त्यांच्याकडे तारुण्याचा अतिरिक्त कार्यभार आहे, आणि अतिरिक्त कार्यभार जसा सांभाळला जातो तसाच ते तो सांभाळतात, म्हणजे सही ठळक आणि काम माफक.

या कार्यभारातील सर्वांत मोठे टेबल कराओकेचे. लक्ष्मीनगर-शंकरनगरच्या बाजूची सभागृहे सुटीच्या सायंकाळी मुकेश, रफी आणि किशोर यांच्या या स्थानापन्न वारसांनी व्यापलेली असतात. मूळ पदाधिकाऱ्यांपैकी पहिले १९७६ साली, दुसरे १९८० साली आणि तिसरे १९८७ साली निवर्तले असल्यामुळे त्यांची हरकत येण्याचा संभव नाही. गायकाने गीतामागे वर्गणी भरावयाची असते. श्रोत्यास प्रवेश विनामूल्य असतो, तरीही तो येत नाही, सबब श्रोत्यांच्या खुर्च्यांवर पुढचे गायकच बसलेले असतात. आमच्या परिचयातील एका निवृत्त कार्यकारी अभियंत्याने लाल कोट चढवून असे एक युगुलगीत गायिले, त्या वेळी आम्ही दुसऱ्या रांगेत होतो. समोरच्या टॅब्लेटवर अक्षरे एवढी थोर की, एका पडद्यावर चार शब्दांहून अधिक मावेनात; म्हणून पडदा सरकविण्यासाठी धर्मपत्नीस शेजारी उभे केलेले, आणि गीतातील प्रेयसी म्हणून दुसऱ्याच एक निवृत्त मुख्याध्यापिका. खालच्या स्वरास चष्मा घसरे, वरच्या स्वरास कवळी. आणि जेथे सतारीचा तुकडा वाजतो तेथे उसंत साधून त्यांनी रक्तदाबाची गोळी घेतली. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. तेथे टाळी ही परतफेडीच्या बोलीवरच दिली जाते.

प्रभात फेरीचे टेबल त्यामानाने हलके. अंबाझरीच्या तलावाकाठी दोन फेऱ्या मारून जे काही झडले असेल ते, स्कूटरवरून कस्तुरचंद पार्कास येऊन, तर्री-पोह्यांच्या रूपाने व्याजासह परत जमा करावयाचे. या स्थळी एका पोराने आमच्या अभियंत्यास, 'काकाजी, तर्री कमी टाकू का?' असे विचारले. त्या बापड्यास वाटले, आपण आदर दाखवीत आहो. प्रत्यक्षात त्याने गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा मारला होता. अभियंत्याने दुप्पट तर्री घेऊन शेऱ्यास तेथल्या तेथे उत्तर दिले, आणि दुसऱ्या दिवशी बागेत त्यांची गैरहजेरी लागली.

तरुण मनाची ही सनद एका ठिकाणी मात्र कोणी बाहेर काढीत नाही, ते ठिकाण म्हणजे तिकिटाची खिडकी. रेल्वे पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि स्त्रियांना ५८ व्या वर्षानंतर ५० टक्के सवलत देत असे. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली आणि पुढे चालू झाली नाही. वास्तविक सरकारने या मंडळींचेच म्हणणे अक्षरशः मान्य केले होते; तरीही 'वृद्धांवर अन्याय' या मथळ्याची निवेदने त्याच बागेतील बाकावर, तेच पोपटी बूट हलवीत, लिहिली गेली. एस. टी. महामंडळाने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील प्रवाशास फुकट नेण्याचे ठरविले, तेव्हा चौऱ्याहत्तरीतले चिरतरुण एका वर्षाने हुकल्याबद्दल हळहळले. केंद्राच्या निवृत्तिवेतनात ८० व्या वर्षी २० टक्क्यांची वाढ मिळते आणि शंभरी गाठल्यास ते दुप्पट होते. त्यामुळे अंबाझरीस मनाचे वय सांगणारे लोक लेखा विभागात आपले वय महिन्यांसकट सांगतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना तर यंत्रास अंगठ्याच्या झिजलेल्या रेषाच ओळखू येत नाहीत, आणि मनाने पंचविशीत असलेला इसम जिवंत आहे किंवा कसे, याबद्दल कारकून क्षणभर साशंक होतो.

घर सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तारुण्याचा हा प्रश्न उद्भवत नाही. निवृत्तीचे वय त्यांना कोणत्याच वेतन आयोगाने लावून दिलेले नाही. आणि मन तरुण ठेवण्यास जी फुरसत लागते ती, यजमानांच्या गुडघ्यास तेल चोळून झाल्यावर, फारशी शिल्लक राहत नाही.

परंतु एकट्या अभियंत्यास दोष का द्यावा? हे शहरच मुळी निवृत्त अधिकारी आहे. मध्य प्रांताची आणि पुढे मध्य प्रदेशाची राजधानी म्हणून मिरविल्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते सेवामुक्त झाले, आणि १९५३ च्या नागपूर कराराची पुण्याई म्हणून त्यास 'उपराजधानी' हा किताब व वर्षाकाठी एका विधिमंडळ अधिवेशनापुरती पुनर्नियुक्ती मिळाली. मग हिवाळा लागताच सिव्हिल लाइन्सच्या दुभाजकांस काळा-पिवळा रंग लागतो, रवि भवनाची डागडुजी होते, आमदार निवासात पलंगांच्या गाद्या उन्हात पडतात, आणि विधान भवनाकडे जाणारे तेवढेच रस्ते गुळगुळीत होतात. केसांस कलप लावणारा मनुष्यही आरशात दिसतील तेवढेच केस रंगवितो. अधिवेशनाचे सूप वाजले की मंत्रिमहोदय सायंकाळच्या विमानाने मुंबईस जातात आणि शहर आपली जुनी बंडी घालून ओसरीवर येऊन बसते. त्यास कोणी म्हातारे म्हटले, तर मेट्रोचे खांब दाखविते.

कार्यभार हा केव्हा तरी सोपवावयाचा असतो. दिवाळीस अभियंत्यांचे चिरंजीव पुण्याहून आले, वय वर्षे छत्तीस. तेव्हा वडिलांनी त्यास त्या रात्रीच्या कार्यक्रमास चलण्याची आज्ञा केली, एक गीतही त्याच्या नावे लावून ठेविले. चिरंजीव दहा वाजता उठले होते, दुपारी पुन्हा निजले, सायंकाळी कंबरेस पट्टा बांधून कोचावर आडवे झाले आणि म्हणाले, 'बाबा, तुम्ही जा. मला पित्त झालंय, पाठही धरलीय.' आतून मातोश्रींचा आवाज आला, 'काहून त्याच्या मागं लागून राहिले तुम्ही? थकला तो. पडू द्या ना त्याले.' रुजू होणारा इसम सहीस नकार देतो, तेथे पद सोडणाऱ्याने काय करावे, याची तरतूद सेवानियमांत आम्हांस सापडली नाही. अभियंत्यांनी गुडघ्याच्या तेलाची बाटली मुलाच्या उशाशी ठेविली, दोन वेळा नेमाने लावण्याची सूचना दिली आणि लाल कोट चढवून ते स्कूटरकडे वळले. यादीत त्यांचा क्रमांक तिसरा होता, मुलाचा चौथा, आणि भरलेली वर्गणी परत मिळत नाही.