चालू काळाचा वऱ्हाडी मुक्काम

इंग्रजी संभाषणात क्रियापदाचे सहज रूप कोणते, याचे उत्तर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेत शोधण्यात महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या खपल्या असल्या, तरी बुलढाणा जिल्ह्यातील घाटाखालच्या, म्हणजे खामगाव, शेगाव, नांदुरा या बाजूच्या, विद्यार्थ्याने ते आधी स्वतःच्या वऱ्हाडीत शोधावे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. चालू वर्तमानकाळ, म्हणजे बोलण्याच्या क्षणी क्रिया सुरू असल्याचे दाखवणारे रूप, प्रमाण मराठीत ‘येत आहे’ असे होते, तर वऱ्हाडीत ‘येऊन राहिली’ असे; आणि एसटी स्थानकावर तासभर ‘येऊन राहिलेल्या’ गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला या रूपातील सातत्याचा अर्थ कोणत्याही व्याकरणकारापेक्षा अधिक सखोल कळलेला असतो.

एवढी पूर्वतयारी असलेला हाच वक्ता इंग्रजीत शिरताच ‘आय ॲम हॅव्हिंग टू ब्रदर्स’ असे सांगतो, जणू दोन भाऊ असणे हे हाती घेतलेले काम असून ते संध्याकाळपर्यंत उरकायचे आहे. जवळ असणे, माहीत असणे, आवडणे ही स्थितिवाचक क्रियापदे होत, म्हणजे ती कृती नव्हे तर अवस्था सांगतात, आणि इंग्रजीत त्यांना सहसा साधा वर्तमानकाळच मानवतो. म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर्स’. मौज अशी की, ‘मले दोन भाऊ असून राहिले’ असे वऱ्हाडातले शेंबडे पोरही म्हणणार नाही. नियम कानाला ठाऊक आहे. फक्त इंग्रजी बोलायला निघताना कान घरी राहतो आणि ‘आयएनजी’ तेवढा सोबत येतो. अर्थात ही कसोटी सर्वत्र टिकत नाही, कारण ‘समजून राहिलं ना?’ हे वऱ्हाडीत बिनदिक्कत चालते आणि त्याच भरवशावर ‘आर यू अंडरस्टँडिंग?’ असे वर्गाला विचारणारे गुरुजी स्वतःच अडचणीत येतात. हा दोष केवळ वऱ्हाडाचा मानणेही अन्यायाचे ठरेल. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजात जन्मलेले मुंबईचे इंग्रजी कवी निस्सीम एझिकेल (1924–2004) यांनी मिस पुष्पा टी. एस. यांच्या निरोप समारंभावरील कवितेत वक्त्याच्या तोंडी हाच अनावर चालू काळ घालून त्याला साहित्यात कायमचे घर दिले.

भूतकाळात चूक उलट्या दिशेने होते. ‘डिड यू वेन्ट’ या प्रयोगाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ‘डिड’ने भूतकाळाचा भार एकदा उचलल्यावर मूळ क्रियापदाने मोकळ्या हाताने चालावे, म्हणजे ‘डिड यू गो’ म्हणावे, एवढे पुरे. खरा पेच ‘हा निघालोच’ या वाक्याचा आहे, कारण येथे अद्याप न घडलेली क्रिया मराठी माणूस आश्वासनापोटी भूतकाळात नेऊन ठेवतो आणि तिचे शब्दशः इंग्रजी केल्यास ऐकणारा त्याला दाराबाहेर शोधू लागतो. एरवी नको तेथे वापरला जाणारा चालू काळ नेमका येथे हवा असतो: ‘आय ॲम जस्ट लीव्हिंग’. अंघोळ अजून व्हायची आहे, ही बाब लपवण्याची सोय या रूपातही पुरेपूर आहे.