जुनी माणसं बोलवा!

कोल्हापूरच्या शाहूपुरीत गटार कुणाच्या हद्दीत येतं यावरून जुंपली, की अण्णा जिना उतरतात आणि फर्मान सोडतात, "जुनी माणसं बोलवा!" मोजणीचा नकाशा त्यांना चालत नाही. साठीच्या आतला साक्षीदार तर नाहीच नाही. गुळाच्या अडतीवर दिवाणजी म्हणून हयात काढलेला माणूस. विश्वास फक्त जुन्या खात्यांवर.

नातवानं एकदा मोबाइलवर आकाशगंगेचं चित्र दाखवलं. "काढलं कुणी? बाहेर जाऊन?" बाहेर कुणीच गेलेलं नाही, आत बसून म्हाताऱ्या ताऱ्यांच्या साक्षीवरून आकार ठरवलाय, हे कळलं आणि अण्णा खगोलशास्त्राला लागले.

आता गच्चीवर सापडलात की संपलात. "तो अभिजित दिसला? त्याच्याच स्वरमंडळात आर आर लायरी हाय. नुसत्या डोळ्यांनी न्हाई दिसायचा. साडेतेरा तासांत फुगतोय नि आकसतोय. त्याच्या जातीचे समदे हजार कोटी वर्षांच्या पुढचे, आणि अंगचं तेज जवळपास सारखं. मग अंधूक दिसला तो लांबचा, ठळक तो जवळचा. अंतर निघालं, लिहा खात्यावर!" सूर्याचं वय 460 कोटी म्हटल्यावर हात झटकून म्हणाले, "कालचं पोरगं. त्याला काय विचारायचं?"

गाया दुर्बिणीच्या 2022 च्या यादीत असे सुमारे 2 लाख 70 हजार साक्षीदार आहेत, हे दूधवाल्यालाही पाठ झालंय. कुणी शंका काढलीच तर उलटतपासणी ठरलेली: "पुण्यात आयुका कुणी उभारली? नारळीकरांनी. जन्म कुठला? कोल्हापूर. मग?" यापुढे वाद घालणं शाहूपुरीत शिष्टसंमत नाही.

घोडं पुढं अडलं. आकाशगंगेच्या तबकडीभोवतीचं ताऱ्यांचं विरळ प्रभामंडल गोल नाही. चपटं आणि तिरकं आहे, असं या साक्षींतून निघालं. कारण त्यातले पुष्कळ तारे इथले नाहीतच. आठ-दहा अब्ज वर्षांपूर्वी एक दुसरी दीर्घिका येऊन आपल्यात मिसळली, तिची ती माणसं. म्हणजे जुने, पण बाहेरचे! भाडेकरूंना उठता-बसता 'बाहेरची' म्हणणारे अण्णा विचारात पडले. शाहू महाराजांनी 1895 मध्ये ही पेठ वसवली, तेव्हा अण्णांचे आजोबा गुळापायी निपाणीहून आले होते. आठवण नातवानंच करून दिली.

अण्णांनी चष्मा पुसला. "आले आसतील. पर आमी महाराजांच्या बोलावण्यानं आलो. त्या ताऱ्यांकडं कागद हाय का, ते बघ आधी."