संस्कार झाले, आता गोष्ट द्या

घनसावंगीत एखाद्या पुढाऱ्याला, अधिकाऱ्याला नाहीतर निवृत्त मुख्याध्यापकाला विचारा, पोरांनी काय वाचावं? यादी तोंडपाठ. ‘श्यामची आई’, थोरांची चरित्रं, बोधकथा. मग हळूच विचारा, यातलं तुम्ही शेवटचं काय वाचलंत?

लगेच चहा मागवला जातो.

तालुका समर्थ रामदासांचा. त्यांचं जांब इथलंच. त्यामुळे वाचनाचा उपदेश शाळेच्या भिंतीवर कसा रंगवावा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. रंग येतो. पुस्तकांसाठी मात्र प्रस्ताव पाठवावा लागतो.

‘श्यामची आई’बद्दल तक्रार नाही. १९३५चं पुस्तक अजून रडवतं, ही काय लहान गोष्ट आहे? पण कोकणातला श्याम आणि पुण्याच्या शाळेत शिकणारा फुरसुंगीचा फास्टर फेणे, एवढ्यावरच गाडी थांबली तर रांजणीच्या पोरीनं स्वतःला शोधायचं कुठं? बोधकथेत मुलगी असते, नाही असं नाही. ती आईला भांडी घासू लागते. भाऊ पतंग उडवतो.

हल्ली ‘मुलींचं सक्षमीकरण’ म्हणून चरित्रांचे गठ्ठे येतात. जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू. सावित्रीबाईंनाही आपण पाठांतराला लावलं. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेनं जेमतेम चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, १८५५ साली तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. एवढीशी पोर, अख्ख्या समाजाला जाब विचारते. तो निबंध मुलांना द्या म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘लहान आहेत हो अजून.’

मुक्ता काय म्हातारी होती?

चांगली पुस्तकंच नाहीत, ही तर शुद्ध थाप. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ घ्या, ‘यश’ घ्या. त्यातली पोरं पोरांसारखी वागतात, म्हणून यादी करणाऱ्यांना ती पुस्तकं ‘नुसती गंमत’ वाटतात. जपानची तोत्तोचान मराठीत येऊनही जमाना झाला. पहिलीतच शाळेनं काढून टाकलेली पोरगी, मग आगगाडीच्या डब्यात भरणारी शाळा. ‘वर्गात शांत बसत नाही’ अशी तक्रार ज्यांच्या घरी येते, त्यांनी हे आधी आईबापांना वाचायला द्यावं. ‘किशोर’ १९७१पासून निघतोय, जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. पण रील बघताना फुल असलेली रेंज ‘किशोर’ म्हटलं की जाते.

आणि घरचंच घ्या. ‘समशेर आणि भूतबंगला’ला २०२४चा साहित्य अकादमी बालसाहित्य पुरस्कार मिळाला. लेखक भारत सासणे, जन्म जालन्याचा. जिल्ह्यातल्या किती शाळांत ते पुस्तक आहे, हा प्रश्न सत्कार समितीला विचारू नका. तिथं शालींचा हिशोब असतो.

एकदा शाळेतलं लोखंडी कपाट उघडायला लावा. किल्ली सरांकडे, सर मीटिंगला. उघडलंच तर आत प्लास्टिकचं कव्हर, निळा शिक्का, दाखल क्रमांक आणि एकमेकांना चिकटलेली कोरी पानं. ‘फाटलं तर भरून कोण देणार?’ सरांचंही चूक म्हणवत नाही. तपासणीला पुस्तक जागेवर लागतं. वाचणारा लागत नाही.

१५ ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन असतो. पोरं रांगेत, हातात पुस्तक. उलटं असलं तरी चालतं, फोटोत मुखपृष्ठ दिसलं पाहिजे. फोटो ग्रुपवर पडला की प्रेरणा संपली.

मग दिवाळी उलटते. ऊसतोडीची उचल घेतलेले कोयते गाड्या भरून निघतात. काही पोरं हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांमागे फडावर. पाचवीतली पोरगी धाकट्याला काखेत घेऊन दिवसभर कोपीजवळ. तिला वाचायला काय दिलं? प्रेरणा दिली होती ना!

तेव्हा सर, मॅडम, यंदा एवढं करा. गाडी हलायच्या आधी तिच्या बोचक्यात दोन पुस्तकं टाका. गोष्टींची, चित्रांची. संस्काराची नकोत, ते फडावर फुकट होतात. पुस्तकं परत आली नाहीत तर नोंदवहीत बेधडक ‘गहाळ’ लिहा. तपासणीवाल्यानं विचारलंच, तर सांगा, वाचून फाटलं.